कर कशासाठी घेतला आणि कुठे गेला

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे 'राज्याचे कर आणि राज्याचा खर्च'. बँकेत नोकरी केली म्हणजे माणसाला अर्थसंकल्प कळतो, असा आपल्याकडे एक समज आहे. तसं काही नसतं. बँकेतल्या माणसाला मुख्यतः एवढंच कळतं की पैसा कोणत्या खात्यातून निघाला आणि कोणत्या खात्यात जमा झाला. आज तेवढ्यापुरतंच बोलतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सर्वसाधारण सभेत सगळ्यात मोठे आवाज कधी चढले? मेंटेनन्स वाढला तेव्हा नाही. ते चढले सिंकिंग फंडावरून. उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी आपण प्रत्येकाकडून घेतो आणि वेगळी ठेवतो. पाण्याचा उन्हाळा आला की कुणीतरी उठायचं, 'साहेब, पैसे पडूनच आहेत, दुसरी बोअर घेऊन टाका.' दुसरा म्हणायचा, 'तो पैसा इमारतीचा आहे, त्याला हात लावायचा नाही.' दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पण वाद घालता आला, कारण तो पैसा कशासाठी घेतला हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि पासबुक टेबलावर होतं.

राज्याच्या बाबतीत असं पासबुक असतं का? एकदा जवळजवळ होतं. ती गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या महाराष्ट्राची आहे आणि तिचं मूळ आपल्यासारख्या दुष्काळी भागांत आहे.

१९७२ चा दुष्काळ इथल्या ज्येष्ठांनी पाहिलेला आहे. अंगणात बसलेल्या पोरांना सांगायला हवं की सुकडी आणि मिलो हे शब्द तेव्हा घराघरात होते. खडी फोडायला, बंधारे घालायला बाया-माणसं उन्हात उभी असत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्याआधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 'मागेल त्याला काम' हा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

आता पैशाचं बघा. योजनेला पैसा कुठून आणायचा? सरकारने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळ्यांना. आमच्या पगारपत्रकात त्याचा एक वेगळा रकाना आला. कायद्यातच लिहिलेलं होतं की ही वसुली रोजगार हमीसाठी आहे, आणि जेवढी रक्कम या करांतून येईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची. म्हणजे फोर्ट भागात खुर्चीवर बसलेल्या कारकुनाच्या पगारातून पैसे कापायचे आणि ते गंगापूर-वैजापूरच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीत घालायचे. स्टाफरूममध्ये कुरकुर व्हायची, पण ती अशी व्हायची : 'आपल्या पैशाचे तलाव खरंच होतात का हो?' कुरकुरीतसुद्धा हिशेब होता.

तलाव झाले, नालाबंडिंग झालं, रस्ते झाले. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावल्या गेल्या आणि आपल्याकडच्या कितीतरी कोरडवाहू रानांत झाडं उभी राहिली. खोटी हजेरीपत्रकंही झाली आणि अर्धवट सोडलेले रस्तेही झाले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण चोरी पकडायला आधी माल किती होता हे माहीत असावं लागतं, आणि इथे ते माहीत होतं. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभर रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यांच्यासमोर महाराष्ट्राचंच उदाहरण होतं.

त्या कराचं आज काय झालं? तो आहेच. घटनेने या कराला वर्षाला अडीचशे रुपयांची मर्यादा घातली होती, १९८८ च्या दुरुस्तीने ती अडीच हजार झाली, आणि आजही तेवढीच आहे. अठ्ठ्याऐंशी सालचे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यातला फरक आपल्या पेन्शनरांना समजावून सांगायला नको. लाखो रुपये महिना घेणारा संगणक अभियंता आणि शाळेतला शिक्षक दोघांनाही वर्षाला सारखेच अडीच हजार. पासष्टीच्या पुढे आपल्याला माफी आहे, त्यामुळे या सभेत निम्मे लोक तो विसरलेत. तरुणांना तो कशासाठी कापतात हेच माहीत नसतं. मी माझ्या नातवाला विचारलं, तो म्हणाला, 'आजोबा, ते पीटी असतं.' पीटी म्हणजे काय, तर पीटी!

अशीच गत पेट्रोलवरच्या दुष्काळी अधिभाराची. २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये चढले. मराठवाडा तेव्हा खरोखरच होरपळत होता, लातूरला पुढच्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी न्यावं लागलं. कुणी तक्रार केली नाही. २०१६ ला पाऊस चांगला झाला, अधिभार मात्र पावसात वाहून गेला नाही. सिंकिंग फंडातून अध्यक्षांनी असं केलं असतं तर आपण त्यांना सहनिबंधकांच्या दारात उभं केलं असतं.

आता आजच्या वादाकडे येतो. खालच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी लाडकी बहीण योजनेवर चर्चा असते. 'आमच्या कराचे पैसे फुकट वाटतात' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चाल पाठ झाली. मला ते वाक्य मान्य नाही. आपल्याकडे धुणंभांडी करायला मिटमिट्याकडून येणारी बाई साबण घेते, तेल घेते, मोबाईलचं रिचार्ज मारते, रिक्षात बसते. प्रत्येक ठिकाणी ती कर भरते, आणि तिच्या मिळकतीच्या मानाने पाहिलं तर आपल्यापेक्षा जास्तच भरते. दीड हजार रुपये तिच्या हातात पडले की ते औषधाला आणि पोरांच्या वह्यांना जातात. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझी हरकत दुसरी आहे. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी धरली आहे आणि महसुली खर्च ६ लाख ७ हजार कोटींच्या जवळ. तूट जवळजवळ ४६ हजार कोटींची. लाडक्या बहिणींसाठी तरतूद ३६ हजार कोटी. राज्यावरचं कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे जाणार, आणि नुसतं व्याज साठ हजार कोटींच्या वर. रोजगार हमी आणली तेव्हा सरकारने लोकांसमोर येऊन सांगितलं होतं, हे काम करायचंय, त्यासाठी हा कर. या वेळी योजना आधी आली, 'पैसे कुठून' हा प्रश्न मागून आला. मग काय झालं? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटींच्या आसपास आणि आदिवासी विकासचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट आपल्याच शहराचे. त्यांनी स्वतः जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. ज्यांच्या घरातल्या बहिणीला द्यायचं, त्यांच्याच भावाच्या वसतिगृहाच्या पैशाला हात लागणार असेल, तर ही ओवाळणी कुणाच्या खिशातली? पुढे जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील या हिशेबाने. पिणाऱ्यांनी राज्य चालवायला मोठाच हातभार लावला आहे, असं म्हणायचं. त्यांना प्यायला कमी करा असंही सांगायची सोय राहिली नाही.

आणि शेवटी पाणी. पडेगावात पाण्यावाचून भाषण पुरं होत नाही.

जायकवाडी धरण १९७६ ला पुरं झालं, ते राज्याच्या पैशानेच. तिथून आपल्या शहरापर्यंत अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं तेव्हा खर्च १,६८० कोटी होता. पुढे तो २,७४० कोटींवर गेला. दरम्यान २०२२ च्या उन्हाळ्यात लोक हंडे घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा उत्तर काय मिळालं? वर्षाची पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ केली. टाळ्या वाजल्या. मी त्या दिवशी आपल्या सोसायटीचा टँकरचा खर्च काढून बसलो होतो. पट्टीत वाचलेले २,०२५ रुपये एका घराचे टँकरवर किती दिवस पुरतात, ते आपल्या खजिनदारांना विचारा. पाणी न देता पट्टी निम्मी करणं म्हणजे, जो हप्ता फेडायला तयार आहे त्याचा हप्ता कमी करून कर्जाची मुदत वाढवणं. ग्राहक खूश होऊन घरी जातो, व्याज चढत राहतं. इकडे महापालिकेच्या वाट्याच्या पैशांचा प्रश्न पुन्हा राज्याच्याच दारात.

लोक कर भरायला तयार नसतात, हे मला पटत नाही. रोज पाणी येणार असेल तर चार हजार काय, आपण सहा हजारही भरू, टँकरपेक्षा ते स्वस्तच पडतील. पण मग ते पैसे पाण्याच्या वेगळ्या खात्यात दिसले पाहिजेत.

म्हणून मी कार्यकारिणीला एक लेखी सूचना दिली आहे. आपल्या मालमत्ता कराच्या बिलात राज्याचा शिक्षण कर असतो, खालच्या दुकानगाळ्यांच्या बिलात रोजगार हमी उपकरही असतो. गेल्या पाच वर्षांत आपल्या सोसायटीने या रकान्यांत आणि पाणीपट्टीत मिळून किती भरले, हे आपले दप्तर पाहून आधी काढावं. मग माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारावं की ही रक्कम राज्याकडे केव्हा जमा झाली आणि पाणीपट्टीचा पैसा कोणत्या खात्यात आहे. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं. ते मी आणून ठेवलंय. अर्जावर सह्या करायच्या असतील त्यांनी चहाच्या टेबलाजवळ यावं, आणि पाणी जपून प्या, पुढचा टँकर परवा आहे.