सशाला उपास नको

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात आपल्या सभासद पशुवैद्य ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘सोसायटी आणि पाळीव प्राणी’ असा विषय दिला होता. पण त्यात कुत्र्यांचा विषय निघाला की सभा रात्री बारापर्यंत चालते, हे आपण पंचवीस वर्षं बघतोय. म्हणून मी सशांवर बोलणार आहे. आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून आज सात ससे आहेत. त्यातले चार, स्पष्टच सांगते, जाड आहेत.

मागच्या महिन्यात एका ताईंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, “डॉक्टर, याचं पोट सुटलंय. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवू का?” आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नासाठी आहे. तर उत्तर ऐका: सशाला उपास घालायचा नाही. एक दिवसही नाही.

असं का? सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, आणि ते चालतं चोथ्यावर. चोथा थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. जाड सशात तर आणखी एक संकट. खाणं बंद झालं की अंगातली चरबी झपाट्याने यकृताकडे जाते, तिथे साचते आणि यकृत निकामी होऊ शकतं. म्हणजे बारीक करायला गेलो आणि प्राणी गमावला, असं खरोखर होतं. ससा बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर सोमवारची वाट बघू नका. रविवार असो, दिवाळी असो, डॉक्टर गाठा.

मग वजन कमी कसं करायचं? खाऊ घालून. सुकं गवत दिवसरात्र समोर हवं, हवं तेवढं. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, तेही गवत चावून चावूनच झिजतात. दुकानात टिमोथी किंवा ओटचं गवत मिळतं. ताजी हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, चालतात. मात्र आपल्या बागेतली मशीनने कापलेली हिरवळ देऊ नका. ती लवकर आंबते, शिवाय तिथे डासांची फवारणी होते. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला द्या, पण नवीन भाजी एकावेळी एकच.

पाला म्हटलं, गाजर नाही. कार्टूनवाल्यांनी फार घोळ घातलाय. सशाला गाजर म्हणजे आपल्याला पेढा. बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही कधीतरी. केळं तसंच. बिस्कीट, पोळी, पाव, फरसाण अजिबात नाही.

दुकानातल्या पेलेट्सची वाटी भरून ठेवायची पद्धत आधी बंद करा. दर किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि जाड सशाला त्याहून कमी. पण हे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू खाली आणायचं, आणि गवत नीट खातोय ना हे बघत बघत.

आपल्याच इमारतीतल्या एका घराची परवानगी घेऊन सांगते. त्यांचा ससा ३ किलो ४०० ग्रॅमचा होता, त्याच्या हाडापेरानुसार अडीच किलो पुरे. घरचे म्हणत, आम्ही तर मोजून देतो. ते खरंच मोजून देत होते! पण दुपारी शेजारच्या आजी बिस्कीट, संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलं गाजर आणि दूधवाला जाता-जाता पावाचा तुकडा. प्रेम सगळ्यांचंच, पोट मात्र एक. त्या सशाला मागे वळून स्वतःचं अंग साफ करता येईना. ससे आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन परत खातात. किळस वाटून घेऊ नका, त्यांना त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. जाड सशाचं तोंड तिथवर पोचतच नाही. मग शेपटीखाली घाण चिकटते, पावसाळ्यात माश्या बसतात आणि अळ्या पडतात. या सशाच्या तशा अळ्या मी स्वतः चिमट्याने काढल्या आहेत. नंतर मुलांनीच दारावर पाटी लावली, “मला खाऊ देऊ नका, गवत द्या.” आजींना गवताची पिशवी दिली, त्यांचा मानही राहिला. सहा महिन्यांत ७०० ग्रॅम उतरले. आठवड्याला वजनाच्या साधारण एक टक्का, फार तर दोन, यापेक्षा घाई नको.

जाड आहे हे ओळखायचं कसं, तर पाठीवरून आणि बरगड्यांवरून हलका हात फिरवा. बरगड्या पातळ कापडाखालच्या पेन्सिलींसारख्या लागायला हव्यात. शोधाव्या लागल्या तर वजन जास्त. मादीच्या गळ्याखालची झोळी बघून ठरवू नका, ती मुळातच असते.

आणि पिंजऱ्यातून बाहेर काढा हो! रोज तीन-चार तास तरी. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, जुनी सतरंजी टाका. वायरी उचलून ठेवा. गवत एका जागी न ठेवता खोक्यांत, कोपऱ्यांत लपवा, शोधत फिरेल. उन्हाळ्यात मात्र सकाळी किंवा रात्रीच, जाड सशाला उष्माघात लवकर होतो.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात वजनकाटा घेऊन बसणार आहे. सातही ससे आणा. टोपलीत कापड घालून, वर झाकण ठेवून आणा. कान धरून नाही, आणि मुलांच्या खांद्यावर तर मुळीच नाही. घाबरून लाथ मारली तर सशाचा कणा मोडू शकतो. वही मी आणते, दर महिन्याचं वजन त्यात लिहायचं. आणि त्या दिवशी सकाळी त्यांना नेहमीसारखं खाऊ घालूनच आणा.