विटाळाची मुदत

आजचा विषय आपल्या घरातलाच आहे: सोवळं, ओवळं आणि विटाळ.

आधी मातीचं उदाहरण घेऊ. वावरातल्या मातीला आपण काळी आई म्हणतो. तीच माती पायांबरोबर देवघरात आली की ओरडा बसतो. माती तीच, फक्त जागा बदलली. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: घाण म्हणजे चुकीच्या जागी आलेली वस्तू. म्हणजे विटाळ हा फक्त स्वच्छतेचा प्रश्न नाही. कुणाची जागा कुठली, हे त्यातून ठरवलं जातं.

आता सुतक बघा. घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. सगळं घर, बाप्यांसकट, बाजूला असतं. दहावा होतो, तेराव्याला गोडधोड होतं, आणि माणसं परत कामाला लागतात. म्हणजे सुतकाला मुदत आहे. दुःखात बसायला वेळ मिळतो आणि परत यायची वाटही असते.

पण ज्या विटाळाला मुदतच नाही, त्याचं काय?

मी बोलतोय नातेपुत्यातून. माऊलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात आली की पहिला मुक्काम इथंच असतो. वारीत अनोळखी माणसंही एकमेकांच्या पाया पडतात. ही वाट पंढरपूरला जाते, आणि तिथं नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंदिराच्या बाहेर. चोखोबा गेले १३३८ साली. संत म्हणून लोक त्यांच्यापुढं वाकायचे, पण त्यांच्या जातीच्या माणसाला आत जाता येत नव्हतं. त्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. कितीही चंद्रभागेत बुडी मारा, हा विटाळ जात नव्हता, कारण तो जन्माला चिकटवलेला होता.

पंढरपूरच्या वीस वर्षं आधी महाडला काय झालं, तेही ऐका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, ते चालत होतं. पण माणसं प्यायली म्हणून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या १०८ घागरी आणून तळं ‘शुद्ध’ केलं. पाणी शुद्ध करायला विधी होता. माणसाचा शिक्का पुसायला एकही विधी नव्हता. तो पुसायला कायदा लागला. १९५० साली लागू झालेल्या संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता बंद केली.

आता म्हणाल, हे सगळं जुनं झालं. मग ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस बाजूला बसणाऱ्या बहिणीचं काय? घरात पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेणाऱ्या मैत्रिणीचं काय? इथं मुदत आहे, पण ती दर महिन्याला नव्यानं सुरू होते. सुतक सगळं घर वाटून घेतं, हे मात्र एकटीनं सोसायचं असतं. आणि तिला विचारतं कोण?

चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी एका अभंगात याच विटाळावर बोट ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विटाळ देहातच असतो आणि प्रत्येकाला देह आहे. मग सोवळा कोण? हा अभंग शोधून जरूर वाचा.

सगळ्याच प्रथा मोडा असं मी म्हणत नाही. शेजारची पिठलं-भाकरी मला हवीच आहे. पण घरातला कुठलाही नियम घ्या आणि तीन प्रश्न विचारा: हा विटाळ संपतो का? तो सगळे मिळून पाळतात, की एकाच्याच माथी मारलाय? आणि ज्याला तो लागतो, त्याचं मत कुणी घेतलं का?

आजीला, आईला विचारून बघा. भांडायला नको, नुसतं ऐका. काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!