किडनी नवी, विषाणू जुना

आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात ज्यांच्या घरी किडनीचं प्रत्यारोपण झालं आहे, ती घरं पहिले काही महिने फार जपतात. पाणी उकळून, तोंडाला मास्क, पाहुण्यांना दारातूनच निरोप. ते योग्यच आहे. पण काही विषाणू बाहेरून यावेच लागत नाहीत. ते आपल्यातच असतात.

लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला उतारवयात नागीण होते, ती त्याच विषाणूमुळे. मधली सगळी वर्षं तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये निपचित असतो. सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही हाही तसाच. भारतातल्या बहुतेक प्रौढांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. दात्याच्या किडनीबरोबरही तो येतो. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन देऊन आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी करतो आणि हा डोकं वर काढतो. ताप येतो, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात. सुदैवानं त्यावर औषध आहे.

मला खरी काळजी वाटते ती बीके विषाणूची. १९७१ साली लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो एका सुदानी रुग्णाच्या लघवीत सापडला. त्या रुग्णाची किडनी बदललेली होती आणि त्याच्याच नावाची आद्याक्षरं विषाणूला मिळाली. हा मुक्कामालाच किडनीत असतो. तो बळावला की ना ताप, ना दुखणं. फक्त क्रिएटिनिन वाढतं. शरीर किडनी नाकारू लागलं तरी क्रिएटिनिनच वाढतं. उपचार मात्र उलटे! रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची, बीके असेल तर औषधं कमी करायची, कारण त्याच्यावर खात्रीचं औषध अजून नाही. अंदाज चुकला तर किडनी जाते. म्हणून सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. त्याही आधी, पहिले नऊ महिने दरमहा आणि पुढे दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातला विषाणू मोजायला हवा. ही पीसीआर तपासणी महाग आहे, आणि बरं वाटतंय म्हणून माणसं ती सोडतात. ऑपरेशनला पैसे देणाऱ्या सरकारी योजनांनी या तपासण्यांचाही भार उचललाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे ताप आला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जायचं आणि मलेरिया, डेंग्यू पाहायचा. जरूर पाहा, पण प्रत्यारोपण झालंय हे आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं साधं अँटिबायोटिक टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढवतं, प्रतिकारशक्ती आणखी घसरते आणि विषाणूला रान मोकळं होतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन तीच पातळी खाली आणतं, मग रिजेक्शनची भीती. इथे बसलेल्या डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे, अशा रुग्णाला चिठ्ठी लिहून देण्याआधी त्याच्या प्रत्यारोपण केंद्राला एक फोन करा.