आधी हिशेब, मग संमती



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाई यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही तो विषय बाजूला ठेवणार आहोत. ज्यात माणसे थोडी आणि यंत्रे फार, अशा एका नव्या कारखान्याबद्दल आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या लोकांबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

डेटा सेंटर हा शब्द आता सर्वांच्या कानांवरून गेला आहे. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, फोटो साठवतो, हल्ली तर यंत्रालाच प्रश्न विचारतो. ते सारे काम कोठेतरी एका अवाढव्य इमारतीत हजारो संगणक रात्रंदिवस करीत असतात. संगणक विजेवर चालतो आणि तापतो. तो थंड ठेवायला पुन्हा वीज लागते, आणि पुष्कळ ठिकाणी पाणीही लागते. त्यातले बरेचसे पाणी वाफ होऊन उडून जाते. ही वीज आणि हे पाणी कोणाच्या तरी गावातूनच जायचे असते.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर आहे. वाळवंटातले शहर, वर्षाचा पाऊस बारा इंचांच्या आसपास. पिण्याचे पाणी मुख्यतः कोलोरॅडो नदीचे, शेकडो मैलांच्या कालव्याने आणलेले. या शहरालगत २९० एकर सरकारी जमिनीवर ‘प्रोजेक्ट ब्लू’ या नावाने डेटा सेंटर उभारायचे ठरले. १७ जून २०२५ रोजी पीमा जिल्ह्याच्या मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी जमीन विकण्यास मान्यता दिली. प्रकल्प पुरा झाल्यावर त्याला वर्षाला १,९१० एकर-फूट पाणी लागणार होते. म्हणजे दिवसाला साठ लाख लिटरांहून अधिक. कंपनी म्हणाली, पहिली काही वर्षे पिण्याचे पाणी घेऊ, नंतर नळ टाकून शुद्ध केलेले सांडपाणी वापरू. पण वाळवंटात शुद्ध केलेले सांडपाणीही शिलकीतच जमा धरावे लागते.

लोकांचा पहिला प्रश्न अगदी साधा होता. हे केंद्र कोणाचे? त्याचे उत्तर मिळेना, कारण अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या होत्या. जमीन लोकांची, पाणी लोकांचे, पगार लोकांच्या करातून. आणि गिऱ्हाइकाचे नाव मात्र लोकांना सांगायचे नाही! अखेर जुलैमध्ये स्थानिक पत्रकारांनी जुन्या सरकारी कागदांतून ॲमेझॉनचे नाव बाहेर काढले. शेकडो नागरिक सभांना लोटले, एकामागून एक उठून बोलले, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी नगरपरिषदेने एकमताने प्रकल्प नाकारला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर आम्हाला बरे वाटले असते. पण कंपनी गेली नाही. शहराच्या पाण्यावाचून चालेल अशी योजना घेऊन ती पुढे आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राज्याच्या नियामक मंडळाने तिच्या वीजपुरवठ्याचा करार मंजूर केला. संप जिंकल्यावर युनियनचे दप्तर बंद करून चालत नाही, हे कामगारांना सांगावे लागत नाही. तेच रहिवाशांच्या समितीलाही लागू आहे.

आता आमच्या घरातला प्रश्न. अमेरिकेत बांधकाम कामगारांच्या काही युनियनांनी ठिकठिकाणी डेटा सेंटरांची बाजू घेतली आहे. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. रिकाम्या हातांना काम हवे असते. परंतु टूसॉनमध्ये बांधकाम संपल्यावर कायमच्या नोकऱ्या किती सांगितल्या होत्या? सुमारे १८०. २९० एकरांवर १८० माणसे! एकरी एक माणूससुद्धा नाही.

कामगाराची भाकरी आणि शेजाऱ्याचे पाणी यांची झुंज लावून देण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. एप्रिल १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्या लढ्यासाठी तुरुंगात गेले. धरण झालेच, जमिनी बुडाल्या, आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. गिरणीत राबणारा आणि मुळशीत उखडला गेलेला, दोघेही एकाच मातीतले. त्या दोघांना एका सतरंजीवर बसवून हिशेब दाखवावा, असे मात्र कोणाला वाटले नाही.

विजेच्या बॅटऱ्यांच्या मोठ्या कोठारांबद्दलही लोकांत धास्ती आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे असे एक कोठार पेटले. हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. या बॅटऱ्या जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत एकत्र रचलेल्या होत्या. पुढे जवळच्या पाणथळीतल्या मातीत निकेल, मँगेनीज, कोबाल्ट यांचे वाढलेले प्रमाण शास्त्रज्ञांना आढळले. तरीही बॅटरी नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. दिवसा मिळणारी सूर्याची वीज रात्री वापरायची तर ती साठवावीच लागेल. मात्र आत काय आहे, पेटले तर काय करायचे, हे शेजाऱ्याला आणि बंबवाल्याला आधी कळले पाहिजे. भोपाळनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाने कायद्यात नेमके हेच बंधन घातले गेले: घातक उद्योगाने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी. ते हजारो प्रेते पडल्यावर मिळाले, हे विसरू नये.

आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे ऐरोली, रबाळे, महापे भागांत आज डेटा सेंटरे उभी आहेत. तेव्हा हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. सबब आमचे म्हणणे तीन कलमांत सांगतो. एक, लोकांच्या जमिनीचा आणि पाण्याचा कोणताही करार गुप्त असू नये. मालक कोण, पाणी किती, वीज किती आणि नव्या वाहिन्यांचा खर्च कोणाच्या बिलावर, हे आधी छापून जाहीर व्हावे. दोन, कायमच्या नोकऱ्या किती आणि त्यांत स्थानिक किती, हे लेखी द्यावे. तीन, कामगार आणि रहिवासी यांची एकच समिती असावी, आणि तिला मीटर तपासण्याचा अधिकार असावा.

करारनामा वाचल्यावाचून त्यावर अंगठा उठवू नका, हे आम्ही गेटसभेत सांगत आलो. आता तेच गावाला सांगायची वेळ आली आहे.