माळेगावच्या जत्रेतला तांब्या

चुलीपाशी असाल तर भाकरी करपू देऊ नका, कान तेवढा इकडं ठेवा.

आज बचत-व्याजाचं बोलणार नाही, जत्रेचं बोलणार, असं मी रेडिओवरच्या ताईला सांगून आले होते. पण हिशेब आल्याशिवाय आपलं कुठलं बोलणं होतंय? तो मधे येईलच.

माळेगावची जत्रा कुणाला सांगायला नको. नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढं, नांदेड जिल्ह्यातलं शेवटाकडचं गाव. मार्गशीर्षातल्या वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते, रिसनगावची मानाची पालखी येते, भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं. घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी आणि देवणी बैल. कुस्त्या. आणि नांदेड जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव. आम्ही अहमदपूर तालुक्यातल्या, म्हणजे जिल्हा लातूर, पण माळेगाव आम्हाला शेजारच्या गल्लीसारखं. माझे आजोबा बैल घ्यायला जायचे, वडील कुस्त्या बघायला, भाऊ मात्र काय बघायला जातो ते घरात कधी सांगत नव्हता. बायका जायच्या त्या दर्शनाला. नारळ फोडला, बांगड्या भरल्या, दिवस बुडायच्या आत परत. रात्रीची जत्रा बाईमाणसाची नव्हती.

मागच्या वेळी आमच्या गटानं तिथं भाकरी-पिठल्याचा ठेला लावायचं ठरवलं. ठरवलं ते सोपं, अडलं येळवशीपाशी. जत्रा चतुर्दशीला सुरू आणि दुसऱ्याच दिवशी वेळ अमावस्या. लातूरकडच्या बाईनं येळवशीला घर सोडायचं? माझ्या आत्याबाई म्हणाल्या, "पांडव पुजायचे सोडून भाकऱ्या इकायला निघाल्यात!" त्यांचंही खरं होतं. शेवटी असं केलं की सकाळी शेतात पूजा, भज्जी, उंडे, आंबील सगळं रीतसर केलं, सगळ्यांना जेवू घातलं, आणि दिवस कलल्यावर टेम्पोत बसलो. पालखी हुकली. उरलेली भज्जी आणि आंबिलीचा माठ मात्र बरोबर घेतला, तो पुढं कामाला आला.

सहाजणी होतो. तीन रात्री, तीन दिवस. आता हिशेब ऐका, कारण पुष्कळ गट विचारतात की जत्रेत परवडतं का.

ज्वारी ५० किलो, ४० रुपयांनी २,०००. दळण २५०. बेसन १,२००, तेल १,२००, मिरच्या, कांदे, शेंगदाणे ९००, गॅस १,१००, जागा आणि मांडव १,५००, टेम्पो १,२००. सगळे मिळून ९,३५०. दोन भाकरी, पिठलं, ठेचा असं ५० रुपयांचं ताट, २५० ताटं गेली. आले १२,५००. उरले ३,१५०. सहाजणींत तीन दिवसांची वाटणी केली तर रोजाला बाईमागे १७५ रुपये. आमच्याकडं खुरपायला गेलं तरी त्याहून जास्त मिळतात. म्हणजे धंदा म्हणून आम्ही चुकलो. ताट ६० चं ठेवायला पाहिजे होतं, आणि चहा ठेवायला पाहिजे होता. रात्रभर जागणाऱ्या माणसाला भाकरीआधी चहा लागतो, हे शेजारच्या ठेलेवाल्यानं आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तोपर्यंत त्याची तीन पातेली संपली होती.

आता जे सांगायला आले ते.

पहिल्या रात्री एकच्या सुमाराला आम्ही पसारा आवरत होतो. पाच-सहा बाया आल्या. अंगावर साध्या साड्या, शाली गुंडाळलेल्या, पण तोंडावरचा रंग पुरता उतरलेला नव्हता, डोळ्यांत काजळ तसंच. तंबूतल्या पार्टीच्या होत्या, तिकीट लावून खेळ करणाऱ्या. बरोबर पेटीवाला आणि ढोलकीवाला. "मावशी, काही उरलंय का?" भाकरी होती, पिठलं संपलेलं. येळवशीची भज्जी होती.

त्या बसल्या. मी ताटं काढत होते, तेवढ्यात आमच्यातली एक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, यांना पाण्याचा तांब्या येगळा ठेवू. उद्या गावात कळलं तर बोलणं खाऊ."

मी काय केलं? मी बी.ए. झालेली, गटाच्या प्रशिक्षणात समतेवर तासभर बोलणारी. मी गप्प बसले. काहीच बोलले नाही. प्लास्टिकचा एक मग होता, तो तिनं भरून त्यांच्यापुढं ठेवला. आमचा तांब्या आत ओढून घेतला. त्यातल्या एका वयस्क बाईनं ते बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं आणि भाकरी कुस्करायला लागली. त्यांना ते नवं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

आमच्या गटात एक म्हातारी आहे, आम्ही तिला आक्का म्हणतो. जातीनं धनगर, अंगठा लावणारी, पण बचत एकदाही चुकलेली नाही. ती मागं माठाला टेकून बसली होती. उठली, तांब्या घेतला, आंबिलीनं भरला आणि त्या वयस्क बाईच्या हातात दिला. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "खंडोबा आमच्या बानाईपायी धनगराच्या घरी चाकरीला राह्यला, मेंढरं राखली. त्याच्या दारात बसून तुमी तांब्ये मोजूलालाव व्हय?"

त्या बाईनं आंबील पिऊन तांब्या आक्काला परत दिला. आक्का त्याच तांब्यानं प्याली. झालं. कुणी काही बोललं नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही, थंडीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी लावणी महोत्सवाच्या मांडवात आम्ही चौघी गेलो. पहिल्यांदाच. पदर डोक्यावरून घेऊन, जसं काही चोरी करायला. हजारो गडी, बायका एका कडेला मूठभर. पहिल्या दोन लावण्या मी खाली मान घालूनच ऐकल्या. शिट्ट्या, आरोळ्या, फेटे उडायला लागलेले. आमच्यातली एक म्हणाली, चला माघारी. पण मग बैठकीची लावणी सुरू झाली. पन्नाशीची बाई, मांडी घालून बसलेली. नाचणं नाही. नुसता चेहरा, एक हात आणि आवाज. शब्द एकच ओळीचे, ती ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि दर वेळी तोंडावरचा भाव निराळा. एकदा रुसलेली, एकदा वाट बघून दमलेली, एकदा नवऱ्याला खोटं खोटं हसणारी. गड्यांचा कालवा हळूहळू बसला. माझ्या शेजारी बसलेलीचा नवरा चार वर्षं पुण्याला कंपनीत आहे, सणाला येतो. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. जात्यावर आपल्या आज्या जे गायच्या, तेच हे, फक्त हिला पेटी-ढोलकीची साथ होती आणि पैसे मिळत होते. आजीला कोण पैसे देणार?

हे मी रेडिओवरच्या ताईला सांगितलं तर तिनं मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचं सांगितलं. ब्लूज म्हणतात त्याला. मिसिसिपी नदीच्या बाजूला कापसाची मोठी रानं, तिथं आधी गुलाम म्हणून आणि १८६५ ला गुलामगिरी उठल्यावरही कर्जात अडकून राबणारी माणसं. कापूस वेचणाऱ्यांच्या दुःखातून ते गाणं आलं. देवाधर्माची माणसं त्याला सैतानाचं गाणं म्हणायची. मग १९२० मध्ये मॅमी स्मिथ नावाच्या काळ्या बाईची तबकडी निघाली, ती एवढी खपली की कंपन्या अशा गाणाऱ्या बाया शोधत फिरायला लागल्या. कापूस आपणही वेचतो, म्हणून ही गोष्ट मला लक्षात राहिली. ताईनं एक गाणं लावून दाखवलं. भाषा कळली नाही. एकच ओळ दोनदा म्हणायची, ती मात्र ओळखीची वाटली.

त्या रात्री बाया परत आल्या, जेवायला. या वेळी तांब्या मीच पुढं ठेवला, आणि बसून बोलले. तिशीतली एक होती, माझ्याच वयाची. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. तिनं मला चाळ उचलायला दिला. एका पायाचा दोन-अडीच किलोचा. असे दोन बांधून पाच-सहा तास. "गुडघे चाळिशीतच जातात, ताई. मग पुढं बसकी लावणी गायला यायला पायजे, न्हाई तर भांडी घासायची."

पैशाचं विचारलं. मालकाकडून हंगामाच्या आधी उचल. लेकराच्या दवाखान्याला पुन्हा उचल. फेडून होत नाही, म्हणून पुढचाही हंगाम त्याच मालकाकडं. कोरोनात फड बंद पडले तेव्हा वर्षभर खायलाच उचल. वयस्क बाईनं विठाबाईचं नाव काढलं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. राष्ट्रपतींकडून १९५७ आणि १९९० असा दोनदा सन्मान झालेली बाई. खेळ चालू असताना बाळंत झाली आणि पुन्हा फडावर उभी राहिली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २००२ मध्ये गेली तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीतून भागवावं लागलं. "तिचं असं, तर आमचं काय?" ती म्हणाली. आता सरकार तिच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

मी म्हटलं, बचत गट करा. माझ्या तोंडात ते कायम तयारच असतं. ती हसली. पदराच्या गाठीतून एक छोटी वही काढली. त्यांची भिशी होती! नऊजणी, रोज रात्री खेळ संपल्यावर २० रुपये, वयस्क बाईच्या पत्र्याच्या पेटीत. पाळीपाळीनं उचलायचे, दुखणं आलं तर पाळी मोडून तिला आधी. कुणाच्या तरी मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, खाडाखोड नाही. आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. यातलं त्यांच्याकडं काय नव्हतं? बैठक तर रोजची, आपली आठवड्याला व्हायची मारामार. नव्हता तो फक्त गाव. एकीचं रेशनकार्ड एका जिल्ह्यात, दुसरीचं आधार दुसऱ्याच तालुक्यात, मुलं तिसरीकडं आजीपाशी. गटाचं खातं उघडायला एका जागेच्या दहाजणी लागतात. "आमचं गाव म्हंजे तंबू," ती म्हणाली.

मला तिथं बसल्या बसल्या आमच्या गावातल्या चौघी आठवल्या. ऊसतोडीच्या. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जातात, पाडव्याच्या सुमाराला येतात. सहा महिने बैठकीला नाहीत म्हणून गेल्या तीन वर्षांत आम्ही त्यांची नावं कमी केली. रजिस्टरवर सही माझीच आहे. नियमानं बरोबर होतं. त्यांना कर्जाची गरज सगळ्यात जास्त होती, म्हणूनच त्या मुकादमाकडं जात होत्या, हे तेव्हा मला सुचलं नाही.

परत आल्यावर ग्रामसंघात विषय काढला. भांडणं झाली, खोटं कशाला सांगू. एक म्हणाली, जायच्या आधीच आठवड्याला २५ रुपयांप्रमाणे सहा महिन्यांचे ६५० रुपये भरून घ्या. दुसरी म्हणाली, उचलीतून बचत म्हणजे कर्ज काढून बचत, त्याला काय अर्थ? दुसरीचं बरोबर होतं. शेवटी ठरलं ते असं, की ज्यांना जमेल त्यांनी फोनवरून पाठवायचे, नाही त्यांनी परत आल्यावर मागची बचत हप्त्यानं भरायची, दंड नाही, गैरहजेरी धरायची नाही. चौघींपैकी तिघी परत आल्या. चौथी म्हणाली, तुमचं काय, पुढच्या साली पुन्हा काढाल. तिला मी काय सांगणार?

त्या लावणीवाल्या नऊजणींचं अजून काही झालेलं नाही. मी तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी पत्ता विचारला. मधून मधून तिचा फोन येतो. भिशी आता बाराजणींची झाली आहे आणि रोजचे ३० रुपये केलेत.

आणि ज्या बाईनं तांब्या वेगळा ठेवायला सांगितलं, तिच्यावर रागावू नका. ती गटातून गेली नाही, आम्हीही तिला काही म्हटलं नाही. मी बोलले नाही हा माझा दोष तिच्याहून मोठा, कारण मला कळत होतं. यंदा ती ठेल्यावर येणार आहे का विचारलं तर म्हणाली, "येते की. पर चहाचं पातेलं माझ्याकडं."

यंदा ज्वारी ७० किलो घेतोय. ताट ६० रुपये. चहा १० ला. येळवशीची पूजा उरकून संध्याकाळच्या आत पोहोचू. जनावरांच्या बाजाराकडून तंबूंकडं जाणाऱ्या वाटेवर आमचा ठेला बघा. आंबिलीचा माठ बाहेरच असेल, त्याच्यावर एक पितळी तांब्या पालथा घातलेला. आक्का म्हणते, तो तिचा आहे, हरवला तर भरपाई गटातून.