मुरगावात शस्त्र खाली ठेवणारा जनरल



१९ डिसेंबर १९६१, गोवामुक्तीचा दिवस म्हटलं की डोळ्यांसमोर पणजी येते. पण पोर्तुगिजांच्या शरणागतीचा कागद झाला तो मुरगाव तालुक्यात. वास्कोची लष्करी छावणी, रात्रीचे साडेआठ, उजेड मोटारीच्या दिव्यांचा. सही केली गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी आणि शरणागती स्वीकारली भारतीय सैन्याच्या ब्रिगेडियर धिल्लन यांनी.

मान्युएल आंतोनियु व्हासालु इ सिल्व्हा यांचा जन्म १८९९चा, पोर्तुगालमधल्या तोरीश नोव्हाशचा. लष्करातले इंजिनिअर. थोरली बहीण मारिया लामाश नामवंत लेखिका. सालाझारच्या हुकूमशाहीविरुद्ध ती उभी राहिली, तुरुंगात गेली. भाऊ त्याच सालाझारचा अधिकारी म्हणून १९५८ मध्ये गोव्याचा गव्हर्नर झाला. त्यांच्याच अमदानीत, १९६० साली, स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे यांना इथून उचलून पोर्तुगालच्या काशियश किल्ल्यात डांबलं. रानडे सुटले ते थेट १९६९ साली. गोवा मुक्त होऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती! त्यामुळे या जनरलचा पोवाडा गायला मी बसलेलो नाही. पण त्यांनी न केलेल्या एका गोष्टीचं देणं आपण मान्य केलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१४ डिसेंबरला लिस्बनहून सालाझारची तार आली. शरणागती नाही, तह नाही. सैनिक एक तर विजयी व्हावेत, नाही तर मरावेत. जनरलच्या हाताशी सैन्य साडेतीन हजारांच्या आसपास, लढाऊ विमान एकही नाही, आणि सरहद्दीवर भारताची अख्खी डिव्हिजन. १८ तारखेच्या पहाटे त्यांच्या सैन्याने डिचोलीचा पूल उडवला, मग कोलवाळचा, मग अस्नोड्याचा. पेडणे-डिचोलीकडून येणारी फौज अडवायची, हा लढाईचा हिशेब. पण पुढचा हुकूम लढाईपलीकडचा होता: हातून जाणारा गोवा उद्ध्वस्त करून सोडायचा. तो त्यांनी पाळला नाही. जुन्या गोव्यातली चर्चं उभी राहिली, पणजी उभी राहिली, आणि माणसं वाचली, त्यांची आणि आपलीही.

मायदेशी परतल्यावर या अवज्ञेची किंमत त्यांना मोजावी लागली. मे १९६२ पर्यंत बहुतेक पोर्तुगीज युद्धकैदी परत गेले. १९६३च्या मार्चमध्ये सरकारने जनरलना लष्करातून काढून टाकलं. त्या कारवाईत इतर अधिकारीही भरडले गेले. १९७४ साली पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही कोसळली, तेव्हा कुठे त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. पुढे ते गोव्याला येऊनही गेले. ज्यांच्यावर त्यांनी राज्य केलं होतं, त्या गोवेकरांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं. १९८५ साली ते वारले.