गडांची आगोट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपले अकरा, आणि तामिळनाडूतला जिंजी. ऐकून ऊर भरून आला. असा मान मिळाला की पाहुणे वाढतात. मग रस्ता, वाहनतळ, उपाहारगृह, दिव्यांची रोषणाई यांचे आराखडे होतात. ते व्हायलाही हवेत. पण त्याच आराखड्यात आणखी एक प्रश्न असायला हवा. ऐन पावसात या गडावर काय काय होऊ शकते, आणि तसे झाले तर कोणी काय करायचे?

हा प्रश्न मी उगाच काढत नाही. २०२० च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटबंदीचा काही भाग ढासळला. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांची वाट बंद पडली. पन्हाळ्यावर नांदती वस्ती आहे. तिथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, म्हातारी माणसे आहेत. रस्ता गेला म्हणजे दूध, औषध, बाळंतीण, सगळेच अडले. ७ जुलै २०२४ रोजी रायगडावर असा पाऊस कोसळला की पायऱ्यांवरून ओढे वाहू लागले आणि पर्यटक मध्येच अडकले. कठड्याला धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रे आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली.

मी कवी आहे. ढासळत्या बुरुजांवर आम्हा कवींचे जुने प्रेम. पडक्या वाड्यावर कविता सुचते, तुंबलेल्या मोरीवर सुचत नाही. पण बुरूज पडतो तो पुष्कळदा त्या मोरीमुळेच. तटाची भिंत म्हणजे आत-बाहेर घडीव दगड आणि मध्ये दगडमातीची भर. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून जुन्या गवंड्यांनी वाटा ठेवल्या होत्या. त्या पालापाचोळ्याने आणि आता प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी बुजतात. दगडांच्या सांध्यांत वड, पिंपळ, उंबर रुजतात. आतली भर पाणी पिऊन फुगते, भिंतीला पोट येते आणि एका रात्री ती खाली बसते. वर कोणी घाईने सिमेंटचा गिलावा केलेला असला तर आतली ओल बाहेर पडायची वाटही बंद होते. आपण म्हणतो, अतिवृष्टीने बुरूज पडला. पाऊस आला हे खरे, पण बुरूज कच्चा कित्येक वर्षे होत होता.

दगडांपेक्षा मोठी काळजी माणसांची. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. गड पाहायला येणाऱ्याला गडच दिसतो, पायथ्याची वाडी दिसत नाही. संकट आले की सर्वांत आधी धावून जाते ती हीच वाडी, आणि सर्वांत आधी गाडली जाते तीही हीच. शिवाय रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा ६ जूनला होतो, म्हणजे नेमका पावसाच्या तोंडावर. अरुंद पायऱ्या, लाखाच्या घरातली गर्दी आणि डोक्यावर वीज. वर एका वेळी किती माणसे सोडायची, वीज कडाडू लागली तर त्यांना कुठे थांबवायचे, हा गडाच्या आराखड्यातलाच विषय आहे.

कागदावर याची सोय नाही असे नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. २०१७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने खास वारसास्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अडचण वाटणीची आहे. या अकरा गडांपैकी सात केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, चार राज्याच्या. खालचा उतार वनखात्याचा, रस्ता बांधकाम खात्याचा, वाडी ग्रामपंचायतीची. पाणी मात्र कोणाची हद्द मानत नाही. ते वर तटात मुरते, मधल्या उतारावरून धावते आणि खाली घरात शिरते. तेव्हा या सर्वांनी एका टेबलाशी बसून एकच कागद केल्याशिवाय गत्यंतर नाही.

जगाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. जपानमध्ये २६ जानेवारी १९४९ रोजी होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराला आग लागली आणि अजिंठ्याच्या चित्रांशी ज्यांची तुलना होत असे ती भित्तिचित्रे होरपळली. पुढच्याच वर्षी तिथे सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा झाला. १९५५ पासून दर २६ जानेवारीला देशभरच्या मंदिरांत आग विझवण्याची कवायत होते. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये १५ एप्रिल २०१९ रोजी धोक्याची घंटा वेळेवर वाजली, पण पहारेकऱ्याला भलत्याच माळ्यावर पाठवले गेले आणि अर्धा तास वाया गेला. छप्पर गेले. पण आधी काय बाहेर काढायचे हे ठरलेले होते, म्हणून जवानांनी साखळी करून मौल्यवान ठेवा वाचवला. यंत्र असून छप्पर गेले आणि यादी होती म्हणून ठेवा राहिला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याला हे काही परके नाही. कोकणात घरोघरी आगोट असते. मृग लागण्याआधी कौले चाळायची, पन्हळी साफ करायच्या, लाकडे पडवीत रचायची, मीठ-मिरची, सुकी मासळी भरून ठेवायची. आमच्याही घरी हेच होई. यात कोणी फार हुशारी करत नसे. दरवर्षी ठरल्या दिवसांत, ठरलेल्या हातांनी ते काम होई. घराला जर आगोट हवी, तर गडाला का नको?

मे महिन्यात गडाची आगोट व्हावी. पाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात. दगडांतली रोपे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काढावीत, कारण मूळ ओढून काढले तर दगडही सोबत येतो. फुगलेल्या भिंतीवर खूण करून तिचे माप दरवर्षी लिहून ठेवावे. पायथ्याच्या तरुणांना दोर, स्ट्रेचर, प्रथमोपचार शिकवावेत. अमुक इतका पाऊस झाला की वाट बंद, हे आधीच ठरवावे आणि ती बंद करण्याचा अधिकार गडावरच्या माणसाला द्यावा. जलदुर्गांना लाटा आणि वादळ, डोंगरी गडांना दरड, वीज आणि उन्हाळ्यातला वणवा. प्रत्येक गडाची यादी वेगळी निघेल.

गडावर कोणाचा हात लागला नाही? पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार, सगळ्या जातिधर्मांची माणसे तिथे राबली. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर आदिलशाही काळातला फारसी शिलालेखही आहे. उतारावरून घसरणारा दगड ज्या वाडीवर पडेल, तिथेही सगळ्यांचीच घरे आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावाजवळ गड असेल, लेणे असेल, जुने देऊळ, मशीद किंवा वाडा असेल, तर येत्या मे महिन्याच्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. पाणी कुठून जाते? दरवाजाची किल्ली कोणाकडे असते? रात्री फोन कोणाला करायचा? आणि वरच्या माणसांना खाली आणायची दुसरी वाट कोणती? उत्तरे मिळाली तर ती मोठ्या अक्षरांत लिहून चावडीवर लावा. मिळाली नाहीत, तर पाऊस पडेपर्यंत विचारत राहा.